दक्षिणेकडील आफ्रिकेतील सफारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेच्या दक्षिण भागात सफारीला निघण्यापूर्वी मराठी कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. विषय दुसऱ्या उत्तराशी जोडलेला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रवेशशुल्क आणि व्हिसाचे नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्यांचे आकडे येथे दिलेले नाहीत. ते आरक्षणाच्या वेळी संबंधित उद्यानाच्या किंवा दूतावासाच्या अधिकृत माहितीवरून तपासून घ्यावेत.

१. "दक्षिण आफ्रिकेची सफारी" म्हणतात तेव्हा नेमके कोणते देश धरायचे?

दक्षिण आफ्रिका हे एका देशाचे नाव आहे आणि बोलताना आपण खंडाच्या सगळ्या दक्षिण भागालाही तेच म्हणतो, त्यामुळे पहिला गोंधळ येथेच होतो. सफारीच्या दृष्टीने या भागात पाच देश महत्त्वाचे आहेत: दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, नामिबिया, झिम्बाब्वे आणि झांबिया. यांतील मोठी जंगले देशांच्या सीमांवर थांबत नाहीत. काझा या नावाने ओळखले जाणारे कावांगो-झांबेझी संवर्धन क्षेत्र दक्षिण आफ्रिका सोडून वरील चार आणि अंगोला अशा पाच देशांत पसरले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,२०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून अधिक आहे. २०२२ मध्ये या क्षेत्रात झालेल्या हवाई गणनेत सुमारे २,२७,९०० हत्तींचा अंदाज निघाला आणि त्यांतील निम्म्याहून अधिक हत्ती एकट्या बोत्स्वानात होते.

२. लाखो प्राणी नदी ओलांडतात ते स्थलांतर येथे दिसते का?

नाही. वाइल्डबीस्ट या हरणवर्गीय प्राण्याचे ते प्रसिद्ध स्थलांतर टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मसाई मारा यांच्यामध्ये, म्हणजे पूर्व आफ्रिकेत होते. बोत्स्वानात मात्र झेब्र्यांचे एक लांब पल्ल्याचे स्थलांतर आहे: पावसाळा सुरू झाला की चोबे नदीच्या परिसरातील झेब्रे सुमारे अडीचशे किलोमीटर दक्षिणेला नक्साई पॅनच्या गवताळ प्रदेशात उतरतात. ते पाहायचे असेल तर डिसेंबर ते मार्च हा काळ धरावा लागतो, आणि तो नेहमीच्या सफारीच्या हंगामाबाहेरचा आहे (प्रश्न ४ पाहा).

३. पहिल्यांदाच जात आहोत आणि दहा दिवस आहेत. क्रूगर, ओकावांगो, एटोशा, चोबे हे सगळे बसवता येईल का?

नकाशावर बसवता येईल, पण तसे करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दहा दिवसांत तीन देश घेणाऱ्या कुटुंबाचे चार-पाच दिवस विमानतळ, सीमा आणि सामान यांतच जातात, आणि जंगलात त्यांच्या वाट्याला नेमक्या भर दुपारच्या वेळा येतात. प्राणी दिसतात ते पहाटे आणि संध्याकाळी, आणि त्या दोन्ही वेळा मिळण्यासाठी एका जागी मुक्काम लागतो. एका जंगलात सलग चार रात्री राहिल्याशिवाय तेथील नदीचे वळण, पाणवठ्याची वेळ आणि एखाद्या कळपाची सवय ओळखीची होत नाही.

पहिल्या खेपेला दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर निवडावे. ते दक्षिणोत्तर सुमारे ३६० किलोमीटर लांब आहे, आत डांबरी रस्ते आहेत, कुंपण घातलेले मुक्कामाचे कॅम्प आहेत आणि सर्व प्रकारच्या खर्चात ते बसते. १८९८ मध्ये साबी येथे राखीव क्षेत्र जाहीर झाले, १९२६ मध्ये त्यातून राष्ट्रीय उद्यान उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी पहिले पर्यटक आले. म्हणजे पाहुण्यांची व्यवस्था लावण्याचा तेथील अनुभव जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. सिंह, बिबटे आणि गर्द नदीकाठ यांसाठी उद्यानाचा दक्षिण भाग चांगला. स्कुकुझा ते लोअर साबी हा साबी नदीला धरून जाणारा रस्ता त्यासाठीच प्रसिद्ध आहे. मोकळे गवत आणि सिंहांचे कळप यांसाठी मध्यभागातील सतारा कॅम्प योग्य. उत्तरेकडे प्राणी विरळ होत जातात, पण गाड्याही विरळ होतात आणि पक्षी वाढतात.

ज्यांना उघड्या माळावर दूरवर नजर टाकायला आवडते आणि स्वतः गाडी चालवण्याचा सराव आहे, त्यांनी नामिबियातील एटोशा पाहावे. ज्यांना पाण्यावरून, होडीतून जंगल पाहायचे आहे आणि खर्चाची तयारी आहे, त्यांनी बोत्स्वानातील ओकावांगो हा त्रिभुज प्रदेश. झांबियातील साउथ लुआंग्वा आणि झिम्बाब्वेतील माना पूल्स ही पायी सफारीची ठिकाणे आहेत. लुआंग्वात ही परंपरा नॉर्मन कार यांनी रुजवली. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावीत, कारण पायी चालताना जे कळते ते कळण्यासाठी आधी गाडीतून जंगल वाचता यावे लागते.

४. कोणत्या महिन्यात जावे? आमच्या मुलांना सुट्टी मे महिन्यात असते.

मे महिना चांगला आहे. या भागात ऋतू आपल्या उलट असतात: नोव्हेंबर ते मार्च उन्हाळा आणि पाऊस, मे ते ऑगस्ट कोरडा हिवाळा. कोरड्या काळात गवत आखूड होते, झुडपांची पाने गळतात, रानातील डबकी आटतात आणि प्राणी उरलेल्या पाण्यापाशी गोळा होतात, म्हणून दिसतात. मे महिन्यात गवत अजून थोडे उंच असले तरी हवा स्वच्छ आणि गर्दी कमी असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्राणी सर्वांत सहज दिसतात. ऑक्टोबरमध्येही दिसतात, पण झांबेझीच्या खोऱ्यात तेव्हा उष्मा असह्य होतो.

थंडीबद्दल मात्र आपल्याकडची माणसे हमखास फसतात. 'आफ्रिका' म्हटले की ऊन डोळ्यांपुढे येते, आणि जूनच्या पहाटे सहा वाजता उघड्या जीपमध्ये बसल्यावर तापमान पाच-सहा अंशांवर असते, त्यात गाडीचा वारा. कानटोपी, मफलर, हातमोजे हे सगळे न्यावे. गाइड मांडीवर घोंगडी देतात, कोठे कोठे गरम पाण्याची पिशवीही देतात. साडेनऊपर्यंत एकेक थर उतरवत आपण सदऱ्यावर येतो.

पावसाळ्यालाही आपले सौंदर्य आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इम्पाला हरणांची पाडसे जन्मतात, स्थलांतरित पक्षी येतात आणि मुक्कामाचे दर उतरतात. पक्षी हाच ज्यांचा ध्यास आहे त्यांनी तेव्हाच जावे. मात्र मलेरियाचा धोकाही याच काळात अधिक असतो (प्रश्न ११ पाहा).

५. पावसाचा एक थेंब नसताना ओकावांगोला पूर कसा येतो?

हे पाणी तेथील पावसाचे नाही. अंगोलाच्या डोंगराळ प्रदेशात उन्हाळ्यात पडलेला पाऊस शेकडो किलोमीटर दक्षिणेला वाहत येतो, आणि जमिनीचा उतार इतका अल्प आहे की ते पाणी त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या टोकाला, माउन गावाजवळ, पोहोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणून आजूबाजूचे कलहारी वाळून कोरडे पडलेले असते त्याच वेळी ओकावांगो भरलेले असते. हे पाणी समुद्राला मिळत नाही. वाळूत मुरते, झाडे शोषतात आणि उरलेले वाफ होऊन जाते. २०१४ मध्ये ओकावांगोचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आणि तो त्या यादीतील हजारावा होता. मोकोरो या अरुंद होडीतून फिरायचे असेल तर जून ते ऑगस्ट हा काळ धरावा. ज्यांना फक्त सिंह-बिबटे पाहायचे आहेत त्यांनी आरक्षणापूर्वी एक गोष्ट विचारावी: मुक्कामाची जागा पाण्यातील आहे की कोरड्या भूभागावरील? पाण्याने वेढलेल्या काही कॅम्पांवरून भरल्या काळात जीपची फेरी होतच नाही.

येथीलच मोरेमी राखीव क्षेत्राबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शिकारीने प्राणी संपत चालल्याचे पाहून बाटावाना लोकांनी १९६३ मध्ये आपल्या मालकीच्या जमिनीवर ते स्वतः निर्माण केले.

६. राष्ट्रीय उद्यान आणि खासगी राखीव क्षेत्र यांत फरक काय? खासगीत एका रात्रीला इतके पैसे कशाचे?

राष्ट्रीय उद्यान सरकारी यंत्रणा चालवते, आत कोणीही शुल्क भरून जाऊ शकतो आणि गाडी रस्त्यावरून खाली उतरवता येत नाही. खासगी राखीव क्षेत्रात फक्त तेथे मुक्कामाला असलेल्यांनाच प्रवेश असतो, गाडी आणि गाइड त्यांचाच असतो आणि बहुतेक ठिकाणी बोनेटवरच्या खुर्चीत बसून माग काढणारा ट्रॅकर असतो. एका प्राण्याजवळ एका वेळी दोन-तीनच गाड्या थांबू देतात, बिबट्याच्या मागे गाडी झुडपांत नेतात आणि अंधार पडल्यावरही फिरतात. पैसे आहेत ते या तीन गोष्टींचे, गादी-गिरद्यांचे नव्हे.

क्रूगरच्या पश्चिमेला असलेली साबी सँड, टिंबावाटी, क्लासेरी ही अशी क्षेत्रे आहेत. साबी सँड आणि क्रूगर यांच्यामधील कुंपण १९९३ मध्ये काढण्यात आले, त्यामुळे प्राणी दोन्हींकडे मोकळे फिरतात. जो सिंह क्रूगरमध्ये दूर गवतात दिसतो तोच येथे दहा फुटांवर दिसू शकतो. खर्च जमणार नसेल तर मन खट्टू करू नये. तीन रात्री क्रूगरच्या सरकारी कॅम्पात आणि शेवटच्या दोन खासगी क्षेत्रात, असा मेळ अनेकांना परवडतो. खासगी नेहमी शेवटी ठेवावे, कारण ते आधी घेतल्यास नंतरचे डांबरी रस्ते फिके वाटतात.

७. ताडोब्यात जिप्सी आणि गाइड घ्यावाच लागतो. क्रूगरमध्ये खरोखर स्वतःची गाडी चालवता येते का?

येते. क्रूगर, एटोशा, अ‍ॅडो, पिलानेसबर्ग (शेवटची दोन दक्षिण आफ्रिकेत, प्रश्न ११ पाहा) या ठिकाणी भाड्याची साधी गाडी पुरते. जमिनीपासून थोडी उंच असेल तर गवतावरून नजर जाते, एवढेच. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून आहे. परवाना इंग्रजीत असावा आणि सोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवानाही घ्यावा, कारण गाडी भाड्याने देणारे बहुधा तो मागतात. क्रूगरमध्ये वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर आहे, पण प्राणी पाहायचे असतील तर ताशी पंचविसाच्या वर जाऊ नये. फाटकांच्या वेळा महिन्यानुसार बदलतात: जून-जुलैत संध्याकाळी साडेपाचला फाटक बंद होते आणि उशीर झाल्यास दंड होतो. परतीचा वेळ मोजताना वाटेत हत्तींच्या कळपापाशी अर्धा तास थांबावे लागेल हे धरूनच निघावे.

हीच मोकळीक मोरेमी, मध्य कलहारी किंवा माना पूल्स येथे गृहीत धरू नये. तेथे खोल वाळू आणि चिखल असतो. चारही चाकांना जोर देणारी गाडी, टायरमधील हवा कमी-जास्त करण्याची माहिती, जादा इंधन आणि पाणी हे सगळे लागते.

८. गाडीतून कोठेच उतरता येत नाही का? आणि हत्ती रस्त्यात आडवा आला तर काय करायचे?

उतरण्याच्या जागा ठरलेल्या असतात: कॅम्प, सहलीची ठिकाणे आणि पाटी लावलेले काही पूल व पक्षीनिरीक्षणाच्या झोपड्या. अन्यत्र दार उघडणेही नियमाविरुद्ध आहे, टायर पंक्चर झाला तरी. अशा वेळी दुसरी गाडी येईपर्यंत थांबावे किंवा प्रवेशपत्रावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

हत्तीचे मात्र नीट समजून घ्यावे, कारण स्वतः गाडी चालवणाऱ्याला सर्वांत गंभीर प्रसंग येतो तो सिंहाकडून नव्हे, हत्तीकडून. रस्त्यात हत्ती दिसला की दूर थांबावे, इंजिन चालू ठेवावे आणि मागे सरकायला जागा आहे याची खात्री करावी. तो सोंडेने पाला तोडत, शेपूट हलवत चालला असेल तर स्वस्थ आहे. तो आपल्याकडे तोंड करून थबकला, कान पसरले, डोके उंचावले, तर हळूहळू मागे यावे. नर हत्तीच्या डोळा आणि कान यांच्यामध्ये ओला काळा ओघळ दिसत असेल आणि मागचे पाय मूत्राने ओले असतील, तर तो माजावर आहे. तेथे एक क्षणही न घालवता गाडी दूर न्यावी. पिल्लू आणि आई यांच्यामध्ये गाडी कधीही घालू नये. भोंगा वाजवून हत्ती हटवण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला आपण काय करतो आहोत हे कळलेलेच नसते.

९. बिग फाइव्ह दिसतीलच का? त्यात वाघ येतो का?

आफ्रिकेच्या जंगलात वाघ नाही. दक्षिण आफ्रिकेत कोठे वाघ दाखवत असतील तर तो बंदिस्त प्राणी आहे. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानम्हैस हे ते पाच. ही यादी शिकाऱ्यांनी केली: पायी शिकार करताना जे जिवावर बेततात ते प्राणी. त्यामुळे जिराफ, चित्ता, रानकुत्रे, तरस, पाणघोडे या यादीत नाहीत, आणि केवळ पाच खुणा पूर्ण करण्यासाठी धावणारी माणसे त्यांना ओलांडून जातात, याचे वाईट वाटते. क्रूगरच्या दक्षिण भागात चार दिवस मिळाले तर हत्ती, म्हशी आणि सिंह बहुधा दिसतात. बिबट्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. झाडाखालच्या इम्पालांकडे लक्ष ठेवावे. सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या आणि नाकातून फुर्र असा जोराचा आवाज आला की त्या दिशेला पाहावे, दुर्बिणीने, आणि तेथेच थांबावे. ज्याने आपल्याकडच्या जंगलात चितळाची हाक ऐकली आहे त्याला हे वेगळे शिकावे लागत नाही.

१०. एटोशात रात्री पाणवठ्याशी बसतात म्हणे. तेथे नेमके काय असते?

एटोशाच्या मध्यभागी सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे पांढरे, कोरडे मिठाचे मैदान आहे आणि त्याच्या दक्षिण कडेने झरे व पाणवठे आहेत. ओकाउकुएजो, हलाली आणि नामुतोनी या कॅम्पांना लागून असलेल्या पाणवठ्यांवर रात्रभर मंद दिवे असतात. मुक्कामी पाहुणे बुटक्या दगडी भिंतीमागे बाकांवर बसतात. जाण्या-येण्याला वेळेचे बंधन नाही.

ओकाउकुएजोची एक रात्र सांगते. दहा वाजून गेले होते, पाण्यावर फक्त एक जिराफ होता आणि तो पंधरा मिनिटे नुसता उभा होता. पाय फाकवून मान खाली घालायची तर तेवढा वेळ तो चाहूल घेतो. मग काळोखातून एक काळा गेंडा आला आणि त्याच्या मागे तिचे पिल्लू, म्हणजे ती मादी होती. पाण्यात तिचे उलटे प्रतिबिंब पडले, ती प्याली, आणि पिण्याचा आवाज भिंतीपर्यंत स्पष्ट ऐकू आला. बाकांवर चाळीस माणसे होती, त्यांत लहान मुले होती, आणि कोणी हूं की चूं केले नाही. काळा गेंडा दिवसा झुडपांत दडतो, म्हणून जगात त्याला पाहण्याच्या सर्वांत भरवशाच्या जागांमध्ये हे बाक येतात. जाड कपडे घालून, मोबाइलचा उजेड बंद करून किमान दोन तास बसावे.

११. मलेरियाची भीती वाटते. मलेरिया नसलेली ठिकाणे आहेत का?

आहेत. दक्षिण आफ्रिकेतील पिलानेसबर्ग, मडिक्वे आणि अ‍ॅडो हत्ती उद्यान मलेरियामुक्त पट्ट्यात येतात आणि तिन्ही ठिकाणी हत्ती, सिंह, गेंडे आहेत. पिलानेसबर्ग एका प्राचीन, विझलेल्या ज्वालामुखीच्या वर्तुळात वसले आहे आणि जोहान्सबर्गहून अडीच-तीन तासांवर आहे. अ‍ॅडो १९३१ मध्ये स्थापन झाले तेव्हा तेथे अवघे अकरा हत्ती उरले होते. आज सहाशेहून अधिक आहेत. लहान मुले किंवा गर्भवती स्त्री सोबत असेल तर हीच ठिकाणे निवडावीत.

क्रूगर, ओकावांगो, चोबे, झांबेझीचे खोरे आणि एटोशाचा परिसर येथे धोका कमी-अधिक प्रमाणात असतो. तेथे आढळणारा मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम, म्हणजे गंभीर प्रकारचा आहे, म्हणून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलावे. गोळ्या परत आल्यावरही ठरल्या मुदतीपर्यंत घ्याव्या लागतात. काही सात दिवस, काही चार आठवडे, आणि येथेच बहुतेक जण हयगय करतात. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर "आफ्रिकेला जाऊन आलो आहे" हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

१२. पीतज्वराची लस सर्वांनाच घ्यावी लागते का?

भारतातून थेट किंवा आखातातील शहरांमार्गे गेल्यास या पाच देशांसाठी सहसा प्रश्न येत नाही. अडचण होते ती अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाताना, कारण इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराचा धोका असलेले देश आहेत. तेथील विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबा असल्यास किंवा बाहेर पडल्यास दक्षिण आफ्रिका प्रमाणपत्र मागते. परत येतानाही, प्रमाणपत्र नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होते आणि आता ते आयुष्यभर चालते. त्यामुळे या मार्गाने जाणाऱ्यांनी शंका ठेवण्यापेक्षा लस घेतलेली बरी. वयस्कर मंडळींनी आणि प्रतिकारशक्तीचे आजार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

१३. पाच वर्षांची नात आणि सत्तरीचे आजोबा सोबत आहेत. चालेल का?

आजोबांचे निश्चित चालेल. सफारी म्हणजे मुख्यतः बसणे आहे. उंच जीपमध्ये चढता येते का आणि कच्च्या रस्त्याचे हादरे पाठीला सोसतील का, एवढे पाहावे. नातीबाबत अट आहे: क्रूगरमधील उद्यानाच्या जीप-फेऱ्यांना सहा वर्षांखालील मुले घेत नाहीत, अनेक खासगी क्षेत्रांतही तसाच नियम आहे आणि पायी सफारीला किमान वय बारा असते. हा नियम लाडीगोडीने वाकवण्याचा प्रयत्न करू नये, कारण लहान मुलाचा अचानक रडण्याचा आवाज सिंहाला कुतूहलाचा वाटतो. स्वतःच्या बंद गाडीत मात्र वयाची अट नाही. मुलांचा आई-वडिलांची नावे असलेला जन्मदाखला सोबत ठेवावा. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्रही.

१४. आम्ही शाकाहारी आहोत, घरात जैन पाहुणेही आहेत. जेवणाचे काय?

क्रूगरच्या कॅम्पांत स्वयंपाकाची सोय असलेल्या झोपड्या मिळतात: शेगडी, फ्रिज, भांडी, बाहेर निखाऱ्यांची जागा. फाटकाबाहेरच्या शहरांतील मोठ्या दुकानांत डाळ, तांदूळ, भाज्या आणि मसालेही मिळतात. भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती त्या देशात दीडशेहून अधिक वर्षे आहे. मेतकूट, भडंग, चटण्या असा कोरडा आणि बंद पाकिटातील शिधा न्यायला हरकत नाही, पण विमानतळावर तो जाहीर करावा. दुधाचे पदार्थ आणि बियाणे नेऊ नये. खासगी लॉजमध्ये नुसते "शाकाहारी" लिहून भागत नाही, कारण काही ठिकाणी मासे त्यात धरतात. अंडे, मासे, कांदा, लसूण यांपैकी काय चालत नाही हे आरक्षणातच लेखी कळवावे.

१५. कपडे आणि सामान यांबाबत काही नियम आहेत का?

तीन आहेत. पहिला, लष्करी ठिपक्यांचा वेष झिम्बाब्वे, झांबिया आणि बोत्स्वानात सामान्य नागरिकाने घालू नये, मुलांची टोपीसुद्धा. दुसरा, झांबेझी आणि लुआंग्वाच्या खोऱ्यांत त्सेत्से माश्या असतात आणि त्या गडद निळ्या व काळ्या रंगाकडे ओढल्या जातात, म्हणून जीन्स घरी ठेवावी. तिसरा, ओकावांगोच्या छोट्या विमानांत चाकांची कडक बॅग चालत नाही; मऊ पिशवी आणि हातातील सामानासह साधारण पंधरा ते वीस किलो, एवढीच मुभा असते.

१६. आमच्या सहलीच्या कार्यक्रमात "सिंहाच्या छाव्यांसोबत खेळा" असे आहे. घ्यावे का?

घेऊ नये, आणि हे आम्ही कळवळून सांगतो. हात लावू देण्यासाठी छावे जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून तोडतात, त्यामुळे ती लवकर पुन्हा माजावर येते आणि तिच्याकडून पुन्हा छावे घेतात. छावा काही महिन्यांतच हाताळण्याच्या वयाबाहेर जातो. माणसाळलेला सिंह जंगलात सोडता येत नाही; त्यांतील कित्येकांचा शेवट बंदिस्त आवारात पैसे देऊन होणाऱ्या शिकारीत किंवा हाडांच्या व्यापारात झाला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २०२१ मध्ये हा बंदिस्त पैदाशीचा व्यवसाय संपवण्याचे धोरण जाहीर केले आहे. "सिंहासोबत चाला" आणि हत्तीची सवारी यांनाही हेच लागू. खरी पुनर्वसन केंद्रेही आहेत. ओळखण्याची खूण अशी की तेथे प्राण्यांची पैदास करत नाहीत आणि पाहुण्याला स्पर्श करू देत नाहीत. कार्यक्रमातील तो अर्धा दिवस काढून जंगलात घालण्याची मागणी सहल आयोजकाकडे करावी. पुरेशा लोकांनी मागितले की कार्यक्रम बदलतो.

१७. गेंड्यांची शिंगे कापलेली का दिसतात? आणि फोटोचे ठिकाण लिहू नका असे का सांगतात?

दोन्हींचे कारण चोरटी शिकार. एकट्या दक्षिण आफ्रिकेत २०१४ मध्ये १,२१५ गेंडे मारले गेले. शिंग नखासारख्याच केराटिनचे असते, भूल देऊन कापल्यास दुखत नाही आणि पुन्हा वाढते. म्हणून ठराविक काळाने ते कापून शिकाऱ्यांचे आमिषच काढून घेतात. पांढरा गेंडा आज दिसतो याचे श्रेय क्वाझुलू-नाताळमधील श्लुश्लुवे-इम्फोलोझीला आहे. १८९५ मध्ये राखीव झालेल्या त्या जंगलात शेवटचे थोडके पांढरे गेंडे वाचले आणि १९६० च्या दशकात तेथून ते अन्यत्र नेऊन वाढवण्यात आले. गेंड्याचा फोटो टाकताना ठिकाण, रस्त्याचा क्रमांक आणि तारीख काढून टाकावी; मोबाइल फोटोत जागेची नोंद आपोआप करतो, ती सोय जंगलात शिरण्यापूर्वीच बंद करावी. ड्रोनला दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे.

१८. कुनोला आणलेले चित्ते येथलेच ना? मग तेथे चित्ता कोठे पाहावा?

होय. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोला आले. नामिबियातील बहुतांश चित्ते उद्यानांत नव्हे, तर शेतमालकांच्या विस्तीर्ण कुरणांवर राहतात, कारण तेथे सिंह आणि तरस कमी आहेत. पाहुण्यांसाठी सर्वांत चांगली जागा कगलगाडी: दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वाना यांचे सामायिक उद्यान, २००० मध्ये खुले झालेले. तेथील आउओब आणि नोसोब या कोरड्या नद्यांच्या पात्रांतून रस्ता जातो आणि उघड्या वाळूत चित्त्याची धाव अखेरपर्यंत दिसू शकते. काळ्या आयाळीचे सिंहही तेथलेच. अंतरे मोठी आणि रस्ते खडतर आहेत, म्हणून पाच दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर जाऊ नये.

१९. क्रूगर पाहून चोबे आणि व्हिक्टोरिया धबधबा करायचा आहे. सीमांवर काय अडचणी येतात?

बोत्स्वानात चोबेच्या दाराशी असलेल्या कासाने गावापासून झिम्बाब्वे-झांबिया सीमेवरील धबधबा सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे, त्यामुळे चोबे आणि धबधबा यांची जोडी सोपी आहे. अडचण व्हिसाची असते. दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडून विमानासाठी पुन्हा जोहान्सबर्गला यायचे असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. एका कुटुंबाची परतीची तिकिटे याच कारणाने वाया गेल्याचे आम्ही पाहिले आहे, आणि त्यांच्या आयोजकाने अर्जातील तो रकाना त्यांना दाखवलाच नव्हता. भाड्याची गाडी सीमेपलीकडे नेण्यासाठी कंपनीचे लेखी पत्र लागते. बोत्स्वाना आणि नामिबियात गुरांच्या रोगांसाठी तपासणीची कुंपणे आहेत; तेथे कच्चे मांस आणि काही वेळा दुधाचे पदार्थ काढून घेतात आणि बुटांचे तळवे औषधात बुडवायला लावतात.

२०. बोत्स्वाना आणि झिम्बाब्वेतील कॅम्पांना कुंपण नसते. तंबूत झोपणे सुरक्षित आहे का?

नियम पाळले तर आहे. तंबूची चेन पूर्ण लावलेली असेल तर प्राणी तंबूला एक घन वस्तू समजतात आणि वळसा घालून जातात. अंधारानंतर एकट्याने चालू नये. खासगी कॅम्पात सोबतीला माणूस येतो, त्याची वाट पाहावी. बूट बाहेर ठेवू नयेत, तरस ते पळवतात. पाणघोडे रात्री चरायला काठावर येतात, म्हणून पाणी आणि पाणघोडा यांच्यामध्ये कधी उभे राहू नये. संत्री, मोसंबी तंबूत किंवा गाडीत ठेवू नयेत: हत्तीला त्यांचा वास दुरून येतो आणि ती मिळवण्यासाठी तो गाडीचे दारही उपटतो. माना पूल्समध्ये लिंबूवर्गीय फळे आणण्यास मनाईच आहे.

२१. वाटेत जखमी किंवा फासात अडकलेला प्राणी दिसला तर कोणाला सांगायचे?

सिंहाच्या हल्ल्यातून सुटलेला झेब्रा किंवा झुंजीत लंगडा झालेला म्हसा असेल तर वनविभाग बहुधा मध्ये पडत नाही, आणि ते योग्यच आहे. मान किंवा पाय तारेने कापला गेला असेल तर ती जखम माणसाने केलेली असते. तेथे पशुवैद्य येतात, भूल देतात आणि तार काढतात. रानकुत्र्यांसारख्या दुर्मिळ प्राण्यांचे जीव अशा एका कळवण्याने वाचले आहेत. स्वतः उतरू नये. वेळ, प्राण्याची जात, तो कोणत्या दिशेला गेला हे लिहून घ्यावे, शक्य असल्यास जखमेचा फोटो काढावा. क्रूगरमध्ये प्रत्येक चौकात दगडी खुणेवर रस्त्याचा क्रमांक असतो. तो आणि त्या चौकापासून गाडीच्या मीटरवरचे अंतर टिपावे, आणि प्रवेशपत्रावरील क्रमांकावर किंवा जवळच्या कॅम्पाच्या स्वागतकक्षात लगेच कळवावे.